फुगा घातला ना, मग औषध अजून कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. परवा लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या काकांनीही हेच विचारलं: "अरे, फुगा घालून अन्ननलिका रुंद केली ना? आता सगळं खातोस. मग रोज दोन वेळा औषध कशाला?"

मला इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस आहे, म्हणजे अ‍ॅलर्जीमुळे अन्ननलिकेला येणारी सूज. ती समजायला जरा मागे जावं लागेल. लहानपणापासून पानावरून सगळ्यात शेवटी उठणारा मीच. पोरगं कसं सावकाश चावून जेवतं, म्हणून घरात कौतुक व्हायचं. भाकरी मी कालवणात पार कुस्करायचो आणि दर दोन घासांमागे पाण्याचा घोट घ्यायचो. दमा होता, सकाळी उठल्यापासून शिंका होत्या. पण त्यांचा आणि घास अडकण्याचा काही संबंध असेल, हे कुणाच्याच मनात आलं नाही.

वयाच्या ३८व्या वर्षी चिकनचा तुकडा छातीत मधोमध अडकला. पाणी प्यायलो तर तेही परत आलं. स्वतःची लाळसुद्धा खाली उतरेना, ती थुंकायला वाटी हातात धरूनच रात्री दवाखाना गाठला. दुर्बिणीतून तुकडा काढला तेव्हा आतली नळी वॉशिंग मशीनच्या पाइपासारखी दिसली, एकाखाली एक कडी. बायोप्सीत इओसिनोफिल सापडले. अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या या पांढऱ्या पेशी अन्ननलिकेच्या अस्तरात एरवी नसतातच. सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात १५ किंवा जास्त दिसल्या की या आजाराचा संशय पक्का होत जातो. माझ्यात ६०च्या वर होत्या.

अशी सूज वर्षानुवर्षं राहिली की अस्तराखाली व्रणासारखे तंतू साचतात, भिंत जाड आणि ताठ होते. स्वित्झर्लंडमधल्या २०० रुग्णांचा अभ्यास २०१३ साली आला. त्रास सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत निदान झालेल्यांत अन्ननलिका अरुंद झालेले सुमारे १७ टक्के होते, तर २० वर्षांहून जास्त उशीर झालेल्यांत सुमारे ७१ टक्के. हा आकडा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे २० वर्षांहून जास्त गेले होते.

आता फुग्याचं. नळीची रुंदी १३ मिलिमीटरच्या खाली गेली की घट्ट घास अडकायला लागतात. माझी ११ होती. ती एकदम ताणत नाहीत, एका वेळी साधारण ३ मिलिमीटरच्या आतच. दोन खेपांत १६पर्यंत आणली. प्रत्येक वेळी पुढचे दोन दिवस छातीत दुखलं. तेवढं बऱ्याच जणांना होतं. पण दुखणं वाढत गेलं, ताप आला, दम लागला किंवा मानेला सूज आली तर थांबायचं नाही, थेट दवाखान्यात जायचं. नळी फाटण्याचा धोका शंभरात एकाहूनही कमी असतो, पण असतो.

फुगा आकसलेली जागा ताणतो. सूज मात्र तशीच राहते, आणि तीच पुन्हा नळी आवळते. हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी घास सुरळीत उतरायला लागल्यावर मी औषध सोडलं. सात महिन्यांनी चपाती पुन्हा अडकली. नळी १२वर आली होती.

तेव्हापासून चुकवत नाही. दम्यासाठी वाफेतून घेतात त्या ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडच्या रेस्प्यूलचं, म्हणजे छोट्या प्लास्टिकच्या कुपीचं, टोक मोडायचं, औषध वाटीत मधात घोटून दाट करायचं आणि हळूहळू गिळायचं, म्हणजे ते अन्ननलिकेच्या भिंतीला लागून राहतं. मग चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. काहींची सूज आम्लपित्ताच्या गोळ्यांनीच उतरते, काहींची दूध-गहू बंद केल्यावर. मी दूध दोन महिने सोडलं होतं, चहा-ताकासकट. माझ्यात फरक पडला नाही. कुणाला काय लागू पडतंय ते पुन्हा बायोप्सी केल्याशिवाय कळत नाही. त्वचेवरची अ‍ॅलर्जीची टेस्ट इथे भरवशाची नाही.

काकांना एवढं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आमचा धाकटाही पाण्याशिवाय जेवत नाही रे, आणि त्यालाही दमा आहे." मी त्यांना म्हटलं, त्याला पोटविकारतज्ज्ञाकडे न्या, आणि दुर्बिणीत नळी चांगली दिसली तरी वरून-खालून मिळून किमान सहा तुकडे बायोप्सीला घ्यायला सांगा.

माझी पुढच्या महिन्यात पुन्हा दुर्बीण आहे. घास छान उतरतोय, तरी तुकडे घेणारच आहेत.