बर्कलीची झोपडी आणि ग्लॉस्टरची साथ

ब्रिस्टलहून ग्लॉस्टरकडे जाणाऱ्या गाडीने कॅम अँड डर्स्ली या लहानशा स्थानकावर उतरल्यावर पुढे बर्कलीपर्यंत रेल्वे नाही, म्हणून आम्ही टॅक्सी केली. सेव्हर्न नदीजवळच्या या गावात बहुतेक प्रवासी येतात ते किल्ला पाहायला, कारण १३२७ साली दुसऱ्या एडवर्ड राजाचा खून तिथे झाला असे मानले जाते. आम्हाला मात्र किल्ल्याशेजारच्या चर्चपलीकडचे द चॅन्ट्री नावाचे घर पाहायचे होते. देवी या रोगावरची लस जगापुढे मांडणारे डॉ. एडवर्ड जेन्नर या घरात राहत असत.

जेन्नर याच गावच्या धर्मोपदेशकाच्या घरी १७४९ साली जन्मले, लंडनमध्ये जॉन हंटर या शल्यचिकित्सकाच्या हाताखाली शिकले आणि मोठ्या शहरातली संधी सोडून गावी परतले. रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे सदस्यत्व त्यांना लसीमुळे नव्हे, तर पक्षिनिरीक्षणामुळे मिळाले, हे मला तिथे गेल्यावरच कळले. आपल्या कोकिळेप्रमाणेच परक्या घरट्यात अंडी घालणाऱ्या ककूचे पिल्लू यजमानाची अंडी-पिल्ले स्वतः बाहेर ढकलते, हे त्यांनी नोंदवले होते.

देवीच्या रोग्याच्या फोडातला द्रव निरोगी माणसाला टोचून, पुढे देवी येऊ नये म्हणून, सौम्य देवी आणवण्याची पद्धत तेव्हाही होती. बंगालमध्ये टीकादार हेच काम करीत. जेन्नर स्वतः आठ वर्षांचे असताना त्यांना असे टोचले गेले. त्याआधी त्यांचे रक्त काढले, उपाशी ठेवले आणि नंतर इतर मुलांबरोबर तबेल्यात डांबले. या पद्धतीत काही जण दगावत, शिवाय टोचलेल्या माणसाकडून इतरांना खरी देवी लागत असे. गाईच्या सडांवरच्या फोडांचा संसर्ग हाताला झालेल्या गवळणींना देवी येत नाही, ही गोष्ट शेतकऱ्यांना ठाऊक होती. डॉर्सेटच्या बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याने तर १७७४ सालीच बायकोला आणि मुलांना गाईची लस टोचली होती. जेन्नर यांचे श्रेय पहिलेपणाचे नाही; त्यांनी ही गोष्ट पडताळून, लिहून जगापुढे मांडली, याचे आहे.

१४ मे १७९६ रोजी त्यांनी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर टोचला. जेमतेम त्वचेत शिरणारे, अर्धा-अर्धा इंच लांबीचे दोन छेद. सातव्या दिवशी मुलाची काख दुखू लागली, नवव्या दिवशी थंडी वाजली, भूक गेली, थोडे डोके दुखले आणि दुसऱ्या दिवशी तो ठणठणीत झाला. १ जुलैला त्याला खऱ्या देवीचा द्रव टोचला, तरी देवी आली नाही. मजुराच्या मुलावर केलेला हा प्रयोग आज कोणतीही नैतिकता समिती मंजूर करणार नाही, असे मला त्या घरातल्या संग्रहालयात उभे असताना वाटत राहिले. ज्या गाईपासून साराला संसर्ग झाला त्या ब्लॉसमचे म्हणून एक शिंग तिथे ठेवले आहे. तिची म्हणून मिरवणारी शिंगे आणखीही ठिकाणी आहेत, त्यामुळे त्यावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याने त्याने ठरवावे.

बागेच्या कोपऱ्यात गवताने शाकारलेली, सालीसकट लाकडे लावलेली एक झोपडी आहे. तिला जेन्नर गमतीने लसदेवीचे मंदिर म्हणत आणि तिथे गोरगरिबांना फुकट लस टोचत. घरातल्या साऱ्या वस्तूंपेक्षा मला ही झोपडी महत्त्वाची वाटली, कारण लस सापडणे आणि ती माणसाच्या दंडापर्यंत पोहोचणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि दुसरे अधिक अवघड आहे.

मुंबईचेच पाहा. वाळवलेली लस समुद्रप्रवासातल्या उष्म्याने निकामी होई. अखेर व्हिएन्नाच्या डॉ. द कारो यांनी पाठवलेली लस बगदाद, बसरा असे टप्पे घेत मुंबईला पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉलला ती लागू पडली. तिच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या मुलांना, त्यांच्यापासून आणखी कोणाला, अशी दंडातून दंडात ती देशभर गेली. पुढे कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथून जेन्नर यांच्यासाठी वर्गणीही पाठवली गेली.

सायंकाळी ग्लॉस्टर गाठले. बर्कलीपासून इतक्या जवळचे हे शहर, पण फिप्सच्या लसीकरणाला शंभर वर्षे होत असतानाच, १८९५-९६ मध्ये, इथे देवीची भयंकर साथ आली. इंग्लंडमध्ये १८५३ पासून बालकांचे लसीकरण सक्तीचे होते. मात्र विरोधकांच्या दबावामुळे इथल्या स्थानिक अधिकाऱ्यांनी अंमलबजावणी जवळजवळ सोडून दिली होती. सुमारे २,००० लोकांना देवी आली, ४३४ दगावले आणि त्यांत निम्म्याहून अधिक दहा वर्षांखालची मुले होती. मग त्याच शहरात लस टोचून घेण्यासाठी झुंबड उडाली. तरीही १८९८ च्या कायद्याने सदसद्विवेकाच्या कारणावरून लस नाकारण्याची मुभा पालकांना दिली.

विरोधकांना सरसकट मूर्ख ठरवणे मला पटत नाही. गरिबांना वारंवार दंड आणि तुरुंग, श्रीमंत मात्र दंड भरून मोकळे, हा त्यांचा संताप खराच होता. शिवाय सक्तीला विरोध करणाऱ्या लेस्टर शहराने रोगी तत्काळ शोधून त्याला वेगळे ठेवण्याची आणि संपर्कातल्यांवर नजर ठेवण्याची पद्धत बसवली. पुढे जागतिक निर्मूलन मोहिमेनेही सरसकट लसीकरणावर विसंबून न राहता रोगी शोधून त्याच्याभोवतीच्या सर्वांना लस टोचण्यावर भर दिला. १९७४ साली बिहारमध्ये देवीने कहर केला, तेव्हा आरोग्य कर्मचारी घरोघर फिरून रोगी हुडकत होते, आणि रोगी कळवणाऱ्याला बक्षीस मिळत होते. पुढच्याच वर्षी मे महिन्यात भारतातला देवीचा शेवटचा रोगी आसामातल्या करीमगंज येथे नोंदला गेला.