साधी गाडी जपताना

ऑस्टिन मेट्रो ही छोटी गाडी ८ ऑक्टोबर १९८० रोजी ब्रिटनच्या बाजारात आली आणि नावे बदलत, शेवटी रोव्हर १०० या नावाने, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बर्मिंगहॅमच्या लाँगब्रिज कारखान्यात तयार होत राहिली. एकंदर वीस लाखांहून अधिक गाड्या बनल्या. मी २०१७ साली नोकरीनिमित्त बर्मिंगहॅमला राहायला आलो तेव्हा तो कारखाना बंद पडून बारा वर्षे झाली होती, आणि त्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत मला या शहराच्या रस्त्यांवर एकही मेट्रो चालताना दिसली नाही. एवढ्या मोठ्या संख्येने बनलेली, एके काळी जवळजवळ प्रत्येक गल्लीत उभी असलेली वस्तू एका पिढीच्या आत इतकी दिसेनाशी का होते, हा प्रश्न मला पडला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता माझ्याकडे १९८४ ची, तीन दरवाजांची, बदामी रंगाची एक मेट्रो आली.

उत्तर तसे सरळ आहे. जॅग्वार ई-टाइपसारखी नावाजलेली स्पोर्ट्स कार जुनी झाली तरी तिची किंमत दुरुस्तीच्या खर्चाला पुरून उरते, म्हणून ती कोणी ना कोणी सांभाळतोच. साध्या गाडीचे तसे नसते. ती पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून एखाद्या नवशिक्या चालकाकडे जाते, दर वेळी स्वस्त होत जाते, आणि एक दिवस तिच्या वार्षिक तपासणीत निघालेल्या दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त होतो. ही तपासणी, म्हणजे एमओटी, १९६० पासून चालत आली आहे आणि तीन वर्षांहून जुन्या मोटारींना ती दर वर्षी करून घ्यावी लागते. तीत नापास झालेली गाडी भंगारात देणे हाच व्यवहारी निर्णय ठरतो, आणि तो चुकीचा असतो असे मी म्हणणार नाही. त्यात २००९ साली मंदीच्या काळात सरकारने दहा वर्षांहून जुनी गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्याला दोन हजार पौंडांची सूट मिळवून देणारी योजना आणली, ज्यातले निम्मे पैसे सरकारचे आणि निम्मे उत्पादकांचे होते. अनेक चालत्या, नीट राखलेल्या गाड्या तेव्हा गेल्या. म्हातारपणाकडे व्यवस्थित पोहोचलेली साधी गाडी त्या योजनेत सगळ्यात आधी सापडली, याची मला आजही हळहळ वाटते.

माझी गाडी मी २०१९ च्या उन्हाळ्यात अकराशे पौंडांना घेतली. तिच्या खालच्या बाजूला गंजरोधक काळा थर नुकताच दिलेला होता आणि तो पाहून मी समाधान पावलो, ही माझी पहिली चूक. इथे कोणत्याही गाडीचा क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकला की तिच्या गेल्या अनेक वर्षांच्या तपासणीचा इतिहास कुणालाही विनामूल्य वाचता येतो. मी तो वाचला होता, पण फक्त पास-नापास एवढेच पाहिले होते. सलग तीन वर्षे तपासनिसाने डाव्या बाजूच्या गंजाबद्दल सूचना लिहिली होती आणि चौथ्या वर्षी ती एकाएकी नाहीशी झाली होती. गंज आपोआप नाहीसा होत नाही. तो झाकला जातो. पुढच्या हिवाळ्यात मी तो काळा थर खरवडून काढला तेव्हा दरवाजाखालच्या पोकळ पत्र्याच्या पेटीत, जिला इकडे सिल म्हणतात, जुन्या पुट्टीचे जाड थर आणि त्यांच्या आत चाळणी झालेला पत्रा निघाला.

भारतातल्या वाचकांना हे थोडे समजावून सांगायला हवे. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. ते मिठाचे पाणी चाकांबरोबर उडून पत्र्याच्या सांध्यांत आणि पोकळ जागांत जाऊन बसते, आणि या काळातल्या बहुतेक गाड्यांना वेगळा सांगाडा नसून सगळा भार पत्र्याच्या अंगावरच असल्यामुळे गंज हा केवळ दिसण्याचा दोष राहत नाही. सीटबेल्ट किंवा चाकांचे धक्के झेलणारे सस्पेन्शन जिथे जोडलेले असते त्या जागेपासून तीस सेंटीमीटरच्या आत पत्रा कमजोर झालेला असेल तर गाडी तपासणीत नापास होते. हा नियम मला फार योग्य वाटतो. इंजिन थकले तर गाडी थांबेल, पण सिल खचलेली गाडी अपघातात माणसाला वाचवू शकत नाही.

इथे गॅरेजमधल्या कारागिराचा एक तास साठ-सत्तर पौंडांना पडतो, त्यामुळे पंचवीस-तीस तासांचे वेल्डिंग दुसऱ्याकडून करून घेणे म्हणजे त्या पैशांत दुसरी गाडी घेणे. साध्या गाड्या जपणारी माणसे बहुतेक कामे स्वतः शिकून करतात ती यामुळेच. मी एका महाविद्यालयात संध्याकाळच्या वर्गाला दहा आठवडे जाऊन मिग वेल्डिंग, म्हणजे यंत्रातून सतत येणाऱ्या तारेने पत्रा जोडणे, शिकलो. एक मिलिमीटरहून पातळ पत्रा वेल्ड करताना सलग शिवण घालत गेले तर उष्णतेने पत्रा वाकतो किंवा जळून भोक पडते, म्हणून एक टाका इथे, पुढचा एक वीतभर दूर, मग परत पहिल्याच्या शेजारी, असे हळूहळू टाके जोडत न्यावे लागतात. सिल कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी टाचून घ्यायची, बॅटरी आणि पेट्रोलची टाकी काढून बाजूला ठेवायची, दरवाजाभोवतीची फट सगळीकडून मोजून लिहून ठेवायची, आणि एका वेळी एकच बाजू कापायची. असे केले नाही तर गाडीचे अंग नकळत काही मिलिमीटर खचते, मग नवी सिल त्या खचलेल्या अवस्थेतच पक्की होते आणि दरवाजा पुन्हा कधीच नीट लागत नाही. लाँगब्रिजमध्ये मेट्रोच्या अंगाचे वेल्डिंग मोठ्या प्रमाणावर यंत्रमानव करत असत आणि त्या काळात त्याचे फार कौतुक झाले होते. त्यांनी काही सेकंदांत घातलेले टाके एकेक करून ड्रिलने सोडवायला मला दोन शनिवार लागले.

इंजिनाने मात्र मला कधी निराश केले नाही. मेट्रोतले ९९८ सीसीचे ए-सीरिज इंजिन म्हणजे १९५१ साली ऑस्टिन ए-३० मध्ये प्रथम आलेल्या रचनेचे वंशज. मॉरिस मायनरमध्ये हेच घराणे होते आणि जुन्या मिनीमध्ये ते २००० सालापर्यंत चालले. आपल्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये दीर्घकाळ असलेले १४८९ सीसीचे इंजिन याच कंपनीच्या थोरल्या बी-सीरिजचे होते, त्यामुळे ज्यांनी अ‍ॅम्बॅसेडरचे टॅपेट (म्हणजे व्हॉल्व्हची फट) सेट केले आहेत त्यांना माझ्या गाडीचे बॉनेट उघडल्यावर फारसे परके वाटणार नाही. टॅपेट सेट करण्याची इथली रीत मला फार आवडते. आठ व्हॉल्व्हना क्रमांक द्यायचे. जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असेल त्याचा क्रमांक नवातून वजा करायचा आणि जो आकडा येईल त्या व्हॉल्व्हची फट फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीने, ०.३० मिलिमीटरवर आणायची. पहिला उघडा असेल तर आठवा, तिसरा उघडा असेल तर सहावा. प्लग काढून ठेवून इंजिन हाताने फिरवत हे काम अर्ध्या तासात होते, आणि नंतर सुरू केल्यावर त्याचा आवाज ऐकला की फरक लगेच कळतो.

पेट्रोलचा प्रश्न थोडा वेगळा आहे. हे इंजिन शिसेमिश्रित पेट्रोलच्या काळातले. ते शिसे व्हॉल्व्हच्या बैठकींची झीज रोखत असे, आणि २००० सालापासून तसे पेट्रोल इथल्या पंपांवरून गेले. माझ्या गाडीच्या सिलिंडर हेडमध्ये मी कडक धातूच्या बैठकी बसवून घेतल्या. यंत्रशाळेत होणारे हे काम घरी करता येत नाही. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये साध्या पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत नेण्यात आले. जुन्या रबरी नळ्या त्याने नरम पडतात आणि चिरतात, म्हणून मी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या बदलल्या आणि आता पाच टक्केवाले महाग पेट्रोलच भरतो.

मेट्रोचे खरे वैशिष्ट्य, आणि खरी काळजीही, तिच्या सस्पेन्शनमध्ये आहे. अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी विकसित केलेल्या या हायड्रागॅस पद्धतीत पोलादी स्प्रिंगच्या जागी एक बंद गोल असतो. त्याच्या एका भागात दाबाखालचा नायट्रोजन वायू, दुसऱ्या भागात द्रव आणि मध्ये रबरी पडदा. चाक वर आले की द्रव पडद्यावर रेटला जातो आणि वायू स्प्रिंगचे काम करतो. एवढ्या छोट्या गाडीला खड्ड्यांतून इतके मऊ चालवणारी दुसरी रचना मी अनुभवलेली नाही. परंतु चाळीस वर्षांत वायू पडद्यातून हळूहळू निघून जातो, गाडी ताठ होते, आणि हे गोल आता कोणी नवे बनवत नाही. काही जाणकार हौशी मंडळींनी जुन्या गोलांना वायू भरण्याची झडप बसवून त्यांत पुन्हा नायट्रोजन भरण्याची रीत शोधली आहे. द्रवाचा दाब वाढवायलाही खास पंप लागतो, आणि असे पंप बाळगणारी माणसे आता मोजकीच आहेत. त्यांच्यापैकी एक निवृत्त गृहस्थ आमच्या भागात राहतात. ते या कामाचे पैसे घेत नाहीत. गाडी पुन्हा सरळ उभी राहिली की तिच्याभोवती एक फेरी मारून घरात जातात.

पूर्ण काम कोठे थांबवायचे हा या छंदातला सगळ्यात कठीण निर्णय आहे, आणि त्याबद्दल माझे मत ठाम आहे. साध्या गाडीला कारखान्यातून निघाली होती त्याहून चकचकीत करू नये. मूळ मेट्रोच्या रंगात बारीक खडबडीतपणा होता, आतले प्लास्टिक करड्या रंगाचे आणि साधे होते, गिअर चारच होते. तिला अलॉय चाके लावली, जाड चमकदार रंग दिला, तर ती गाडी सुंदर दिसेल, पण १९८४ साली एखादी शिक्षिका किंवा टपाल खात्यातला कारकून जी गाडी घेऊन घरी गेला ती कशी होती, हे त्यातून कोणालाच कळणार नाही. म्हणून सिलचा भाग आणि मागच्या चाकांवरच्या कमानी एवढ्याच मी पुन्हा रंगवल्या. चालकाच्या बाजूच्या दरवाजावरचा उन्हाने फिका पडलेला रंग आणि पहिल्या मालकिणीच्या अंगठीने दाराच्या मुठीखाली पडलेले बारीक ओरखडे तसेच ठेवले आहेत. तिने पहिली अकरा वर्षे प्रत्येक वेळी भरलेल्या पेट्रोलची नोंद एका वहीत केली आहे. ती वही आणि सर्व्हिसच्या पावत्या गाडीबरोबर मला मिळाल्या, आणि मी त्यांना गाडीचा भागच मानतो.

दर उन्हाळ्यात लिंकनशरमधल्या ग्रिम्सथॉर्प कॅसलच्या हिरवळीवर अशाच गाड्यांचा मेळावा भरतो. २०१४ साली सुरू झालेल्या या मेळाव्याचे नावच ‘फेस्टिव्हल ऑफ द अनएक्सेप्शनल’, म्हणजे ज्यांत वेगळे काही नाही अशांचा उत्सव, असे आहे. तिथे मॉडेल जितके साधे तितका त्याचा मान मोठा असतो. मी गेलो तेव्हा एका वयस्कर गृहस्थांनी माझ्या मेट्रोत डोके घालून छताचे कापड कडेने बोट फिरवून तपासले. ते लाँगब्रिजमध्ये छताची कापडेच बसवत असत. मागच्या काचेजवळचा कोपरा नेहमी सुटायचा, तुमचा सुटलेला नाही, म्हणजे तो दिवस आमचा चांगला गेला असणार, असे ते म्हणाले. बर्मिंगहॅममध्ये मी परका आहे असे मला त्यानंतर फारसे वाटलेले नाही.

कायद्याची बाजू अलीकडे सुकर झाली आहे. २०१८ पासून पहिल्या नोंदणीला चाळीस वर्षे झालेल्या आणि गेल्या तीस वर्षांत मूलभूत बदल न केलेल्या गाडीला तपासणीची सक्ती नाही. माझी गाडी २०२४ मध्ये त्या वयाची झाली. १९८५ च्या आधी बनलेल्या गाड्यांना १ एप्रिल २०२५ पासून ऐतिहासिक वाहनाचा दर्जा घेता येऊ लागला, त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तो मिळाल्यावर रस्ता कर लागत नाही. जून २०२१ पासून बर्मिंगहॅमच्या मध्यभागात जुन्या गाडीला दिवसाला आठ पौंड भरावे लागतात. तेही या दर्जामुळे माफ झाले. तपासणी मात्र मी अजून दर वर्षी स्वखुशीने करून घेतो. गाडीखाली उभा राहून दुसऱ्या कुणीतरी टॉर्च मारून पाहणे मला चोपन्न पौंडांपेक्षा मोलाचे वाटते, आणि चाळीस वर्षांच्या गाडीला तपासणीची गरज कमी नसून जास्त असते, म्हणून ही सवलत घेऊ नये असे मी याच नादाला लागलेल्या इतरांनाही सांगतो.

सध्या पुढच्या उजव्या चाकाचा हायड्रागॅस गोल हळूहळू बसतो आहे. पंपवाल्या गृहस्थांनी मे महिन्यातली वेळ दिली आहे. तोपर्यंत दर रविवारी सकाळी, गाडी सपाट जागेवर उभी करून, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजून मी त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवतो. गेल्या रविवारी उजवी बाजू डावीपेक्षा नऊ मिलिमीटरने खाली होती, म्हणजे त्याआधीच्या रविवारपेक्षा आणखी दोनने.