पाणमांजर, पण मांजर कुठाय?

पाणमांजर हा शब्द मला फार आवडतो आणि तो धडधडीत चुकीचा आहे. मांजराच्या गोतावळ्याशी या प्राण्याचा काही संबंध नाही. त्याचं घराणं बॅजरचं, म्हणजे बिळं खणणाऱ्या एका जाडजूड प्राण्याचं. पण मिशा दिसल्या, अंग गुळगुळीत दिसलं, की आपण मांजर म्हणून मोकळे!

शास्त्रज्ञांनाही हा मोह सुटत नाही. २०१७ साली त्यांनी एका नामशेष पाणमांजराचं बारसं केलं: सियामोगेल मेलिल्युट्रा. लॅटिनमध्ये मेलीस म्हणजे बॅजर, लुट्रा म्हणजे पाणमांजर. कवटीत आणि दातांत दोघांच्याही खुणा सापडल्या, मग नावात दोघांनाही बसवलं. त्याच्या चुलतभावाची गंमत आणखी न्यारी, सियामोगेल थायलंडिका. सयाम म्हणजेच थायलंड. एकाच नावात एकच देश दोनदा.

मेलिल्युट्राची कवटी मिळाली चीनच्या युनान प्रांतात, लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या उघड्या खाणीत. ६२ लाख वर्षांपूर्वी तिथे दलदल होती, उथळ तळं होतं. जनावर अंदाजे ५० किलोचं, म्हणजे लांडग्याच्या मापाचं. कवटी मात्र मातीच्या भाराखाली चेपून पार सपाट झालेली. हात लावावा तर भुगा व्हायचा. म्हणून सीटी स्कॅन करून तिचा तुकडा न् तुकडा संगणकावर सुटा केला आणि जागच्या जागी बसवला.

मला खिळवून ठेवलं ते दाढांनी. मांसाहारी प्राण्यांच्या दाढा साधारणपणे कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींवर घासत मांस कापतात. मेलिल्युट्राच्या दाढांना धारच नाही, नुसते गोलसर, बुटके उंचवटे. जिभेचं टोक आपल्याच मागच्या दाढेवर फिरवून बघा, साधारण तसंच लागेल. त्यात जबडाही दणकट. शिंपले फोडून खात असावं, असा कयास त्यावरून बांधला गेला.

आणि इथेच वर्गीकरण करणाऱ्यांची पंचाईत होते. असल्या बोथट दाढा पाणमांजरांच्या वेगवेगळ्या शाखांमध्ये स्वतंत्रपणे, निदान तीनदा तरी उगवल्या आहेत. दात सारखे, म्हणून नातं जवळचं म्हणावं तर फसलोच. मिशा बघून मांजर म्हणणाऱ्यांना मग काय बोलायचं?

हे वाचल्यापासून काही कडक चावायला घेतलं, की माझी जीभ आपसूक मागे जाते, उंचवटे मोजायला.