पोलिसांची भीती आधी, उपचार नंतर

आज आर्णी तालुक्यातल्या एका गावात व्यसनमुक्तीची बैठक होती. कापूस वेचणी चालू, त्यामुळे बायका दिवेलागणीलाच आल्या. भाषण थोडं, प्रश्न जास्त. मला तेच आवडतं.

सगळ्या पांगल्यावर एक माय मागे थांबली. पदराआडून तिने मातीची चिलीम काढली, टोकाला काळपट फडकं गुंडाळलेली. पोराच्या पॅन्टच्या खिशात सापडली म्हणे. "दवाखान्यात नेलं तं पोलीस धरून नेतील का जी पोट्ट्याले?"

गांजा ओढणं गुन्हाच आहे, १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याने. पण त्याच कायद्यात कलम ६४अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले, तर ते काढूनही घेता येतं. गावोगावच्या भिंतींवर कवट्या रंगवलेल्या दिसतात, हे कलम मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. याचा मला खरंच राग येतो.

तिला १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत हेल्पलाइन नंबर लिहून दिला.

"मंग सोमवारी नेतो त्याले," ती म्हणाली. "तुम्ही याल ना जी सोबत?"

जाणार आहे.