तेझेच्या मठवासी समुदायात मुलांसोबत एक उन्हाळा : माझा अनुभव

फ्रान्समधील तेझे येथे एका ख्रिस्ती मठवासी समुदायात राहून मी उन्हाळाभर लहान मुलांसोबत काम करणार आहे, असे घरी आणि धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या समाजात, सांगितले, तेव्हा वसईतील आमच्या आप्तांपैकी जवळजवळ प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला : "ती मुले अनाथ आहेत का?" नाहीत म्हटल्यावर पुढचा प्रश्न "मग अपंग? निर्वासित?" असा असे, आणि ती जर्मनी, नेदरलँड्स, पोलंड, फ्रान्स अशा देशांतून आईवडिलांसोबत आठवडाभरासाठी येणारी, चांगल्या घरची, धडधाकट मुले आहेत हे कळल्यावर समोरच्याचा उत्साह मावळे. माझ्या मावशीने तर आडपडदा न ठेवता विचारले, "म्हणजे गोऱ्यांची पोरे सांभाळायला तू पदरचे तिकीट काढून जाणार?" प्रश्न बोचरा असला तरी गैरलागू नव्हता, आणि त्याचे उत्तर मी जाण्याआधीच स्वतःला देऊन ठेवले होते.

मी प्राथमिक शिक्षिका आहे. परदेशी स्वयंसेवक अनाथालयांत येतात, दोन-तीन आठवडे मुलांना जीव लावतात आणि निघून जातात, मग मुलांच्या वाट्याला तोच वियोग पुन्हा पुन्हा येतो, ही टीका मला पूर्णपणे मान्य आहे. त्यामुळे थोड्या मुदतीसाठीच जायचे असेल तर मूल दुपारी जेवायला स्वतःच्या आईकडे परत जाईल असेच काम घ्यावे, असे मी ठरवले होते. तेझेला उन्हाळ्यात काही आठवडे कुटुंबांसाठी राखलेले असतात. आईवडील बायबलवरील विवेचन ऐकतात, गटात बसून बोलतात, आणि त्या वेळात त्यांची मुले स्वयंसेवकांकडे असतात. तेथे मुलांना कोणी वाचवत नाही. एरवी घर आणि नोकरी यांच्या ओढाताणीत असलेल्या आईबापांना काही तास शांतपणे बसता यावे, एवढीच ती सेवा असते.

तेझे हे बर्गंडी प्रांतातील टेकडीवरचे लहानसे गाव आहे आणि इ.स. ९१० मध्ये स्थापन झालेला क्लुनीचा प्रसिद्ध मठ तेथून साधारण दहा किलोमीटरवर आहे. १९४० मध्ये रॉजर शुत्झ हा पंचवीस वर्षांचा स्विस प्रोटेस्टंट तरुण येथे आला, त्याने एक घर घेतले आणि युद्धातून पळून आलेल्यांना, ज्यांत ज्यूही होते, तेथे आसरा दिला. १९४२ मध्ये त्याला तेथून निघून जावे लागले. १९४४ मध्ये तो परतला आणि युद्ध संपल्यावर पोरक्या झालेल्या काही मुलांचा सांभाळ त्याच्या घरी सुरू झाला. त्या मुलांची आई होण्यासाठी त्याची बहीण जेनव्हिएव्ह तेथे येऊन राहिली. पहिल्या सात ब्रदरांनी, म्हणजे मठवासी बंधूंनी, आजन्म व्रते घेतली ती नंतर, १९४९ च्या ईस्टरला. म्हणजे मठाला रीतसर रूप येण्यापूर्वीच त्या टेकडीवर मुले नांदत होती. आज या समुदायात कॅथलिक आणि निरनिराळ्या प्रोटेस्टंट परंपरांतील ब्रदर एकत्र राहतात, आणि २०२३ च्या अखेरीपासून ब्रदर मॅथ्यू हे इंग्लंडमधील अँग्लिकन त्यांचे प्रमुख आहेत. १९७६ मध्ये ब्रदर रॉजर, म्हणजे तेच रॉजर शुत्झ, कोलकात्यात काही काळ राहिले होते आणि मदर तेरेसांच्या आश्रयातील एक तान्ही मुलगी त्यांच्यासोबत तेझेला गेली, तिला जेनव्हिएव्ह यांनीच वाढवले. ही हकिकत सांगितल्यावर मावशीचा विरोध बराच निवळला. तिला हवे असलेले अनाथ मूल अखेर या गोष्टीत सापडले होते.

अर्जाची सुरुवात मी जानेवारीत एका पत्राने केली. तेझेला स्वयंसेवक होण्यासाठी प्रवेशपरीक्षा नसते, पण तुम्ही कोण आहात आणि का येऊ इच्छिता हे त्यांना खरोखरच समजून घ्यायचे असते. उत्तरात आलेले प्रश्न साधे होते : वय, शिक्षण, धर्मग्रामातील सहभाग, कोणकोणत्या भाषा बोलता, किती काळ राहू शकाल, आणि तुम्हाला ओळखणाऱ्या एखाद्या जबाबदार व्यक्तीचे पत्र. आमच्या धर्मगुरूंनी ते पत्र दिले. त्यात माझी स्तुती थोडी आणि युवा गटातील माझ्या कामाची माहिती जास्त होती, आणि ते योग्यच होते. मुलांसोबत काम करायचे असल्यामुळे पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत पोलीस ना-हरकत प्रमाणपत्रही मी काढून ठेवले. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी ते आपणहून काढावे, कोणी मागण्याची वाट पाहू नये.

व्हिसाचा टप्पा मात्र कंटाळवाणा होता. शेंगेनच्या, म्हणजे फ्रान्ससह युरोपातील अनेक देशांच्या सामाईक, अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरो संरक्षण देणारा प्रवास विमा, समुदायाचे निमंत्रणपत्र, पप्पांची प्राप्तिकर विवरणपत्रे, बँकेचे तपशील, आणि शाळेने मंजूर केलेल्या बिनपगारी रजेचे पत्र अशी फाईल तयार झाली. रजेचे पत्र सर्वांत उपयोगी ठरले, कारण तरुण, अविवाहित आणि कमी पगाराच्या अर्जदाराने आपण परत येणार आहोत हे कागदावर दाखवावे लागते. अर्ज स्वीकारणाऱ्या खिडकीवर मला विचारण्यात आले की वेतन नाही, परीक्षा नाही, पदवी नाही, तर नक्की कशासाठी जाता? मी निमंत्रणपत्रात होते तेच सांगितले : राहायला आणि जेवायला मिळेल, मी मुलांच्या कार्यक्रमात मदत करीन आणि दिवसातून तीन वेळा प्रार्थनेला जाईन. अर्जातला हेतू आणि पत्रातला हेतू शब्दाशब्दाने जुळला पाहिजे, एवढी काळजी घेतली की पुढचे काम सोपे होते.

पॅरिसहून वेगवान रेल्वेने माकाँपर्यंत आणि तेथून बसने गावात, असा प्रवास आहे. तेझेचे आठवडे रविवारी सुरू होतात आणि रविवारीच संपतात. पहिला आठवडा मला कोणतेही काम न देता इतर तरुणांसारखे सहभागी म्हणून राहण्यास सांगितले गेले. त्यानंतर एका सिस्टरांनी समोर बसवून विचारले की राहावेसे वाटते का, आणि वाटत असेल तर का. स्त्री स्वयंसेवकांची जबाबदारी संत अँड्र्यूच्या सिस्टर पाहतात. बेल्जियममध्ये सातशेहून अधिक वर्षांपूर्वी उगम पावलेला हा कॅथलिक संघ १९६६ पासून शेजारच्या गावात राहतो आणि पाहुण्यांच्या स्वागताचा मोठा भार उचलतो. पुढेही ठरावीक अंतराने त्या माझ्याशी बोलत. कामाचा हिशेब त्या फारसा विचारत नसत. झोप नीट लागते का, प्रार्थनेत मन रमते का, कोणाशी खटका उडाला आहे का, याची चौकशी करत. सुरुवातीला मला हे अवघडल्यासारखे वाटे, कारण आमच्या शाळेत मुख्याध्यापिका बोलावतात ते काहीतरी राहून गेले असेल तेव्हाच.

खरी कसोटी मुलांनी घेतली नाही, घंटांनी घेतली. सकाळी सव्वाआठ, दुपारी बारा वीस आणि रात्री साडेआठ या तिन्ही वेळा प्रार्थनेच्या. त्याआधी घंटा बराच वेळ वाजत राहतात आणि स्वयंपाकघरापासून स्वागतकक्षापर्यंत सगळे काम थांबते. शाळेच्या घंटेची मला सवय होती. पण ती वाजली तरी फळ्यावरचे दोन ओळींचे काम पुरे करूनच वर्ग सोडायचा, ही शिक्षकी खोडही होती. येथे अर्धा रंगलेला कागद, अर्धे बसवलेले नाटुकले आणि ऐन रंगात आलेला खेळ तसाच सोडून मुलांना आईवडिलांच्या स्वाधीन करायचे आणि स्वतः चर्चमध्ये जायचे. पहिल्या काही दिवसांत मला यात वेळेचा अपव्यय दिसला. हळूहळू लक्षात आले की मुलांचा कार्यक्रम हा प्रार्थनेच्या वेळापत्रकात सांभाळून बसवलेला तुकडा आहे, आणि तो तसाच राहावा अशीच रचना आहे. कामावर ज्यांचे फार प्रेम आहे अशा लोकांना, म्हणजे माझ्यासारख्यांना, मठात राहणे जड जाते ते याच ठिकाणी.

मुलांमध्ये तीन-चार वर्षांच्या चिमुरड्यांपासून बारा-तेरा वर्षांच्या, कशालाच प्रभावित न होणाऱ्या मोठ्यांपर्यंत सगळे होते. एका गटात चार-पाच भाषा सहज असत. बायबलमधील गोष्ट इंग्रजीत एकेक वाक्य सांगायची, मग कोणी जर्मनमध्ये, कोणी फ्रेंचमध्ये, कोणी पोलिशमध्ये ती उलगडून सांगायची. त्यामुळे वाक्ये आखूड होत आणि हातवारे वाढत. वादळ शमवण्याची गोष्ट आम्ही एका मोठ्या निळ्या चादरीवर केली, आणि तीत झोपलेल्या येशूची भूमिका करायला सगळेच तयार होते, कारण त्यात काहीच करावे लागत नव्हते. खेळांत माझी लंगडी चांगली चालली, पण सर्वांत मोठे आश्चर्य 'मामाचे पत्र हरवले' या खेळाने दिले. मी रुमाल घेऊन मुलांना गोल बसवले आणि नियम सांगायला लागले, तर जर्मन मुले नियम पुरते ऐकण्याआधीच उठून धावायला तयार. त्यांच्याकडे हाच खेळ आहे. फ्रेंच मुलांच्या खेळात तर पत्र हरवलेले नसते, पोस्टमनच आलेला नसतो. तो खेळ मी त्यांना शिकवायचा राहूनच गेला. उलट कोणाचे नियम खरे यावर त्यांचे भांडण सोडवण्यात सकाळ गेली.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम मात्र कोणत्याही भांडणापलीकडचे होते. कोणत्याही स्वयंसेवकाने एका मुलासोबत बंद जागेत एकटे राहायचे नाही, प्रत्येक गटासोबत किमान दोन मोठी माणसे हवीत, मूल ज्याने आणून सोडले त्याच्याच हाती परत द्यायचे, आणि मुलांची छायाचित्रे काढायची नाहीत. आपल्याकडे कोणाच्याही बाळाला उचलून घेतले, गाल ओढला, तर आईला आनंदच होतो. येथे मुलाने स्वतःहून हात पुढे केल्याशिवाय त्याला उचलायचे नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगितले गेले. या कडकपणामागे इतिहास आहे. १९५० ते १९८० च्या दशकांत काही ब्रदरांकडून लैंगिक अत्याचार झाल्याच्या तक्रारी आपल्यापर्यंत आल्या आहेत, हे समुदायाने जून २०१९ मध्ये स्वतः जाहीर केले आणि त्या न्याययंत्रणेकडे सोपवल्या. ज्या जागेविषयी मनात श्रद्धा आहे तिच्याविषयी असे वाचणे क्लेशदायक असते. पण जाण्यापूर्वी मी ते वाचले होते, आणि अशा कोणत्याही ठिकाणी मुलांसोबत काम करायला जाणाऱ्याने तेथील असा इतिहास आणि आजचे नियम दोन्ही पाहावेत, असे माझे ठाम मत आहे.

चर्चमध्ये बाके फारशी नाहीत. पांढरे झगे घातलेले ब्रदर मध्यभागी आणि इतर बहुतेक सगळे जमिनीवर. युरोपीय मोठी माणसे सतत गुडघे बदलत असत, त्यामुळे तासभर मांडी घालून स्वस्थ बसणे ही माझी एकमेव असामान्य गुणवत्ता तेथे उघड झाली. प्रार्थनेच्या मध्ये काही मिनिटांचे पूर्ण मौन असते. आमच्या धर्मग्रामात रविवारच्या मिस्साला (सामुदायिक उपासनेला) पाळकाच्या आवाजाशी स्पर्धा करणारी मुले असतात आणि कोणी मागे वळूनही पाहत नाही. तेव्हा शेकडो लोकांच्या मौनात पाच वर्षांच्या मुलाने काय करायचे, हा माझा प्रश्न होता. काही मुले चित्रांचे पुस्तक उलटत, काही बापाच्या मांडीवर झोपत, आणि एखादे रडू लागले की आई त्याला बाहेर नेई, त्याबद्दल कोणाच्या कपाळावर आठी दिसत नसे. मुलांना मौन शिकवण्याचा प्रयत्न आम्ही केलाच नाही. आठवड्याच्या शेवटी काही मुले आपणहून स्थिर बसत आणि काही शेवटपर्यंत बसत नसत. शनिवारी रात्री सगळे चर्च मेणबत्त्यांनी उजळते आणि ज्योत पुढे देण्याच्या कामात मुलेही असतात. त्या रात्री त्यांना मौनाची आठवण करून द्यावी लागत नसे, मेण हातावर ओघळण्याची भीती पुरेशी होती.

रविवारी कुटुंबे जात आणि दुपारी नवी येत. दर आठवड्याला नवी नावे, नवे ॲलर्जीचे तक्ते, पुन्हा तीच निळी चादर. हा फेरा मला थकवणारा वाटला, पण मुलांना तो तसा नव्हता, कारण ती आपल्या घरच्या माणसांसोबतच परतत होती. रडणारी होती ती बहुधा एकमेकांपासून दूर होताना. आमच्यासाठी हात हलवला की झाले. ते पाहून मी हे काम निवडल्याबद्दल मनात उरलेली शंका गेली.

जेवण साधे, एका थाळीत, आणि हत्यार म्हणून फक्त चमचा. ब्रदर स्वतःसाठी देणग्या घेत नाहीत, वारसाहक्काने आलेली मालमत्ताही ठेवत नाहीत. कुंभारकाम, पुस्तके अशा स्वतःच्या श्रमांवर त्यांचा चरितार्थ चालतो. पप्पांनी निघताना मठाला द्यायला म्हणून दिलेले पाकीट त्यामुळे तसेच परत आले, आणि त्याचे त्यांना अजून नवल वाटते.

यंदा आमच्या युवा गटातील काही जण अर्ज करायच्या विचारात आहेत. त्यांना मी एवढेच सांगते की फ्रेंच न येणे ही अडचण नाही, इंग्रजी पुरते. पत्र वर्षाच्या आरंभीच पाठवावे, कारण व्हिसाच्या तारखा उन्हाळ्याजवळ मिळत नाहीत. परतीचे तिकीट आणि वरखर्चाचे पैसे आधी जमवावेत. आणि कुटुंबांच्या आठवड्यांत काम मागायचे असेल तर पत्रातच तसे लिहावे. उंच गवतात खेळून आल्यावर पायांवर गोचीड आहे का हे दररोज संध्याकाळी पाहावे लागते, तेही आताच सांगून ठेवते.