ओल्ड स्टर्ब्रिजचा कोंडवाडा

मॅसॅच्युसेट्समधलं ओल्ड स्टर्ब्रिज व्हिलेज म्हणजे खरं गाव नाहीच, १९४६ साली उघडलेलं म्युझियम आहे ते. दुकान व्हर्माँटहून उचलून आणलेलं, कुंभाराची कामाची जागा कनेक्टिकटची, पण आत शिरलं की १८३०च्या आसपासचं न्यू इंग्लंड, म्हणजे अमेरिकेचा ईशान्येचा कोपरा. लोहार भाता मारतोय, बॉनेटवाली बाई चुलीपुढे पत्र्याची पेटी ठेवून मांस भाजतेय. पेटीची उघडी बाजू विस्तवाकडे, आतला चकचकीत पत्रा धग परत मांसावर टाकतो, आणि झालं का बघायला पाठीमागे एवढंसं दार! मी तिथून हलेचना, घरचे पुढे निघून गेले.

पण खरं सांगू का, हे गाव मला जरा संशयास्पद वाटतं. सगळे हसतमुख, कोणाचं कोणाशी वाकडं नाही, असं कुठे गाव असतं होय?

मग एके ठिकाणी दगड रचून केलेलं नुसतंच आवार दिसलं. आत काहीच नाही. टाऊन पाउंड म्हणे, म्हणजे आपला कोंडवाडा की! सुटलेलं जनावर कोणाच्या शेतात शिरलं की इथे आणून डांबायचं, मालकाने पैसे भरायचे आणि सोडवून न्यायचं. मला एकदम हायसं वाटलं, चला, इथेही लोक भांडायचे.

आमची कपिला एकदा अशीच कोंडवाड्यात गेली होती. नेऊन घातली कोणी, तर चुलत आजोबांनीच, सख्खा शेजार. आजी पदर खोचून गेली, पैसे भरले, गाय सोडवली आणि येताना मुद्दाम त्यांच्या अंगणातून आणली, तीही सावकाश, थांबत थांबत, कपिलेने तिथेच काय करायचं ते करेपर्यंत. आम्ही पोरं मागे खिदळत होतो. त्यानंतर दोन्ही घरांत हळदीकुंकवाची बोलावणी बंद.

न्यू इंग्लंडच्या गावांनी तर कुंपणाच्या भांडणांसाठी माणसंच नेमलेली, फेन्स व्ह्यूअर. दोघांच्या मधलं कुंपण कोणी किती बांधायचं, कोणाचं पडलंय, हे जाऊन बघायचं आणि निकाल द्यायचा. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात हे पद अजून आहे! म्युझियमवाल्यांनी असा एखादा माणूस तावातावाने बोलणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या मधे उभा करायला हवा, मी तिकिटाचे जास्त पैसे देईन.

आमच्या बांधाची केस अजून चालूच आहे, पुढची तारीख दिवाळीनंतर.