मायोसायटिसमध्ये एकच मांडी अचानक सुजली तर

मायोसायटिस म्हणजे स्नायूंचा दाह; त्वचेवरही दिसणाऱ्या डर्मॅटोमायोसायटिस या प्रकारातला अशक्तपणा आठवड्याआठवड्यांनी वाढतो आणि दोन्ही बाजूंना साधारण सारखाच असतो. त्यामुळे एकच मांडी, एकच कुल्ला किंवा पोटाची एकच बाजू काही तासांत सुजून ठणकू लागली, तर आजार उसळला असं समजून स्टेरॉइड वाढवायला धावू नये. स्नायूत रक्तस्राव झालाय का, ते आधी बघावं. हे विरळा आहे, पण जिवावर बेतू शकतं. मार लागलेला नसतो. पोटाच्या भिंतीत रक्तस्राव व्हायला खोकल्याची जोरदार उबळही पुरते.

सोआस स्नायूतला (कण्यापासून मांडीकडे जाणाऱ्या, पोटाच्या मागच्या खोल स्नायूतला) रक्तस्राव सर्वांत फसवा. रुग्ण मांडी पोटाकडे ओढून पडून राहतो, पाय सरळ केला की कळवळतो. फिमोरल नर्व्ह (मांडीच्या पुढच्या भागाची नस) दाबली गेली की गुडघा ताठ करता येत नाही आणि मांडीचा पुढचा भाग बधिर होतो. अशक्तपणा मायोसायटिसच्या खात्यावर टाकता येईल, बधिरपणा नाही. निळा डाग उशिरा दिसतो किंवा दिसतच नाही. सीपीके या स्नायूंच्या एन्झाइमच्या रक्ततपासणीवर तर विसंबूच नये.

पहिलं हिमोग्लोबिन जवळपास नेहमीचंच येऊ शकतं, कारण रक्त अजून पातळ झालेलं नसतं. नाडी वाढलेली असेल तर चार ते सहा तासांनी पुन्हा तपासावं. मांडी आणि पोटाच्या भिंतीसाठी खाटेजवळची सोनोग्राफी चालते. सोआससाठी काँट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून दिलेलं द्रव्य) देऊन सीटी. काँट्रास्ट रक्तवाहिनीबाहेर सांडताना दिसलं, तर रक्तस्राव चालू आहे.

कारण बहुधा एकच नसतं. एमडीए-५ किंवा आरओ-५२ अँटिबॉडी (या आजारात रक्तात सापडणारी, स्वतःच्याच शरीरावर उलटणारी प्रथिनं) असलेल्या रुग्णांत असे रक्तस्राव नोंदले गेलेत. गुठळी होऊ नये म्हणून दिलेलं हेपॅरिन त्यांतल्या अनेकांना चालू होतं. इथे एक मेख आहे: स्नायू झिजले की क्रिएटिनिन (ज्यावरून किडनीचं काम मोजतात) कमी बनतं, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि मंदावलेली किडनी लपून राहते. किडनीवाटे बाहेर पडणारं एनॉक्सापॅरिन (हेपॅरिनचाच एक प्रकार) मात्र शरीरात साठत जातं.

रक्त गोठण्याच्या तपासण्या, म्हणजे प्लेटलेट, पीटी, एपीटीटी, फायब्रिनोजेन, लगेच पाठवाव्यात. फक्त एपीटीटी वाढला असेल आणि हेपॅरिनचा संबंध नसेल, तर मिक्सिंग टेस्ट (रुग्णाच्या प्लाझ्मात निरोगी प्लाझ्मा मिसळून पुन्हा मोजणं). ३७ अंशांवर दोन तास ठेवूनही तो सुधारला नाही तर फॅक्टर आठचा (रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाचा) इन्हिबिटर, म्हणजे त्याला निकामी करणारी अँटिबॉडी, शोधावा. सगळंच नॉर्मल असेल तर फॅक्टर तेरा, कारण त्याची कमतरता पीटी-एपीटीटीत दिसत नाही.

हेपॅरिन ताबडतोब बंद. साध्या हेपॅरिनच्या दर १०० युनिटला १ मिलिग्रॅम प्रोटामीन (हेपॅरिनवरचा उतारा), सावकाश, एका वेळी जास्तीत जास्त ५० मिलिग्रॅम. एनॉक्सापॅरिनवर त्याचा परिणाम अर्धवटच होतो. क्रॉसमॅच करून (रुग्णाच्या रक्ताशी जुळवून) रक्त तयार ठेवावं. बीपी घसरत असेल किंवा सीटीत गळती दिसली असेल, तर एम्बोलायझेशनसाठी (गळणारी रक्तवाहिनी आतून बंद करण्यासाठी) लगेच बोलावं. कापून गुठळी काढायचा मोह आवरावा: आतला दाबच रक्त थोपवत असतो, तो सुटला की पुन्हा भळभळ. कंपार्टमेंट सिंड्रोम (आतल्या दाबाने स्नायू-नसांचा रक्तपुरवठा तुटणं) असेल तरच गोष्ट वेगळी.

स्नायूत इंजेक्शन, मालिश, शेक, त्या पायाचा व्यायाम, सगळं थांबवावं. स्टेरॉइड मात्र एकदम तोडू नये. गुठळीचा धोका कायमच असतो, म्हणून दुसऱ्या पायाला हवेच्या दाबाचे पट्टे लावावेत. हेपॅरिन पुन्हा कधी सुरू करायचं ते हिमोग्लोबिन स्थिरावल्यावर त्या-त्या रुग्णाचं बघून ठरतं.